केबल तोडली, आता मुलांना दाखवू काय?

प्रिय मावशी,

मी मालवण तालुक्यात, किनाऱ्यावरच्या एका वाडीत राहते. नवरा ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख आहे. मे महिन्यात आम्ही केबल बंद केली. एक तर १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे दोन महिने हात आखडता. दुसरं म्हणजे मुलगा (वय ८) दिवसभर कार्टून लावून बसायचा आणि त्यातली मारामारी धाकट्या बहिणीवर (वय ५) करून बघायचा. एकदा तिच्या कपाळाला खोक पडली, त्याच संध्याकाळी मी केबलवाल्याला फोन केला.

आम्ही कॅथलिक आहोत. मुलांनी बायबलातल्या गोष्टी, चांगली गाणी असं काही बघावं असं वाटतं. पण रेंज कधी असते, कधी नसते, आणि डेटा दिवसाला दीड जीबी. मोबाईलवर येशूच्या गोष्टी शोधल्या तर एका व्हिडिओत नरकात जळणारी माणसं निघाली. धाकटी रात्रीची घाबरून उठायला लागली. मुंबईची नणंद म्हणते ओटीटी घे. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी कुठे होता टीव्ही, संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हटला की झालं. पण मुलं तेर्साला जांभया देतात. थोरला हळूच शेजारच्या काकूंकडे टीव्ही बघायला पळतो. आणि जत्रेतला दशावतार बघायला न्या म्हणून आतापासूनच मागे लागलाय. न्यावं का? नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटल्या की केबल परत घ्यावी का?

एक आई

*

प्रिय बाय,

तुझ्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण सगळ्यांच्या बुडाशी एकच आहे: केबलच्या जागी काय लावू? माझं म्हणणं असं की त्या जागी काही लावायच्या भानगडीत पडू नकोस. कार्टूनच्या चॅनेलऐवजी ख्रिस्ती चॅनेल लावलंस आणि तू चुलीशी गेलीस, तर मुलगा तसाच तोंड उघडं टाकून बसेल, फक्त पडद्यावर दाढीवाली माणसं असतील. मुलांना गोष्ट हवी असते आणि ती ऐकताना, बघताना शेजारी कोणीतरी मोठं माणूस हवं असतं. ती सोय झाली की मोबाईल चालेल, टीव्ही चालेल, नुसती पडवीसुद्धा चालेल.

तुझी अडचण नवीन नाही. ही या किनाऱ्यावरची चारशे वर्षांपूर्वीची तक्रार आहे. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू) १५७९ साली गोव्यात आले आणि पुढची चाळीस वर्षं तिथल्याच साष्टी भागात राहिले. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांचं त्यांच्याकडे म्हणणं असं, की आमची जुनी पुराणं तुम्ही सोडायला लावलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला ऐकायला काय देता? स्टीफन्सनी त्यांना नुसती प्रश्नोत्तरांची वही धरून बसवलं नाही. मराठीत, ओवीत, अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं. ते १६१६ साली गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं आणि लोक ते चर्चमध्ये, घरात गाऊन ऐकायचे. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. लोकांची करमणुकीची भूक त्यांनी पाप म्हणून झटकून टाकली नाही, आणि लोकांच्या कानाला सवय होती त्याच चालीत गोष्ट सांगितली. तुझ्या मुलांच्या कानाला आणि डोळ्याला सवय कशाची आहे? समुद्राची, बोटींची, जाळ्यांची. मग तिथूनच सुरुवात कर.

तुझा नवरा आता ३१ जुलैपर्यंत घरी आहे. यासारखी संधी वर्षात पुन्हा येत नाही. बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय काढ. कैदी म्हणून रोमला निघालेल्या पौलाचं जहाज वादळात सापडतं ती ही हकीकत. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपल्याला ती दोन वाक्यांत सांगून मोकळे झाले, पण तांडेलाच्या घरात ती आठवडाभर पुरेल. हंगाम संपलेला असताना निघू नका म्हणून पौल बजावतो आणि कप्तान ऐकत नाही. वाटेत वारा फिरतो. खलाशी जहाजाला खालून दोर गुंडाळून आवळतात. कितीतरी दिवस सूर्य दिसत नाही, तारे दिसत नाहीत. चौदाव्या रात्री जमीन जवळ आल्याचा वास खलाशांना लागतो. बुडीद (दोराला बांधलेलं वजन) टाकून बघतात तर पाणी वीस वाव (पसरलेल्या दोन हातांएवढं माप), थोडं पुढे पंधरा वाव. खडकावर आपटू नये म्हणून मागच्या बाजूने चार नांगर सोडतात आणि उजाडायची वाट बघतात. मग काही खलाशी, पुढचे नांगर टाकतो असं सांगून, छोटी होडी घेऊन पळायला बघतात!

इथे थांबायचं. 'उरलेलं उद्या.' मालिकावाल्यांची ही युक्ती आपण का वापरू नये?

आणि हे तू वाचून दाखवू नकोस, बाबाला सांगायला लाव. पंधरा वाव म्हणजे किती पाणी, नांगर मागून टाकला तर बोट कशी उभी राहते, दक्षिणेचा वारा ईशान्येचा कसा होतो, हे कुठल्याही कार्टूनपेक्षा तो चांगलं दाखवील. पडवीत पाट उलटा घालून त्याचं जहाज करा, कासऱ्याचा नांगर करा. जहाजावर माणसं किती होती ते बायबलात आकड्यासकट दिलंय: २७६. शेवटी जहाज फुटतं आणि सगळे, काही पोहत, काही फळ्यांना धरून, किनाऱ्याला लागतात. एकही माणूस दगावत नाही, त्यामुळे पाच वर्षांच्या पोरीलाही बिनघोर सांगता येईल. लगेच पुढच्या अध्यायात माल्टा बेटावर शेकोटीतल्या लाकडातून साप निघतो आणि पौलाच्या हाताला लटकतो. तो अध्याय थोरल्यासाठी राखून ठेव.

एवढ्याने संपत नाही. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात स्वर्गाच्या राज्याला समुद्रात टाकलेल्या जाळ्याची उपमा दिली आहे. त्या जाळ्यात सगळ्या जातीचे मासे येतात, ते किनाऱ्याला ओढतात आणि मग माणसं बसून चांगले मासे भांड्यात भरतात, वाईट फेकून देतात. ही आपली रापणच की, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं! तुझ्या मुलांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे, दोराला हातसुद्धा लावला असेल. मुंबईतल्या मुलाला हा दाखला समजावायला चित्र काढावं लागतं. योहानाच्या शेवटच्या अध्यायात रात्रभर काही न मिळालेले कोळी आहेत, पहाटे भरलेलं जाळं आहे, मोजलेले १५३ मासे आहेत आणि किनाऱ्यावर कोळशावर मासे भाजत येशू त्यांची न्याहारीला वाट बघतोय. मार्काच्या चौथ्या अध्यायात तो वादळात होडीच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून चक्क झोपलेला आहे. त्या उशीची मुलांना फार मजा वाटते, बघ.

सांगायच्या आधी तू स्वतः एकदा वाचून घे. जुन्या मराठी भाषांतराची वाक्यं अडखळवत असतील तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल बघ. उस्मानाबादच्या २०२० सालच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते तेच हे फादर. त्यांची मराठी सरळ, घरात बोलावी तशी आहे. पॅरिशच्या कपाटात प्रत नसेल तर फादरांना मागवायला सांग.

आता मोबाईलचं. मोबाईल वाईट आहे म्हणून तुला दम देणार नाही, मीही वापरते. पण 'येशूच्या गोष्टी' असं शोधून जे वर येईल ते मुलांच्या हातात द्यायचं, हे मात्र आजपासून बंद. तुला आलेला नरकाचा व्हिडिओ अपवाद नाही. भीती घालून बघणारे वाढवायचे हा काही लोकांचा धंदा आहे आणि त्यावर क्रूस लावला म्हणून तो सात्त्विक होत नाही. हल्ली तर यंत्राकडून चित्रं आणि आवाज करून घेतलेल्या बायबलकथांचा नुसता पाऊस पडतोय. त्यात मोशेच्या हाताला सहा बोटं आणि गोष्टीत नसलेला राक्षस. नियम एकच ठेव: आधी पूर्ण तू बघायचं, मग मुलांनी. वेळ लागतो, कबूल. म्हणूनच थोडंच निवडायचं.

निवडलेलं तेवढंच दिसावं अशी सोय आहे. यूट्यूबचं मुलांसाठीचं वेगळं ॲप आहे, यूट्यूब किड्स. त्यात पालकांच्या सेटिंगमध्ये 'फक्त मंजूर केलेलं' असा पर्याय निवडलास तर तू एकेक करून मान्यता दिलेले व्हिडिओ किंवा चॅनेल तेवढेच मुलाला दिसतात आणि शोधायची खिडकी बंद होते. त्याच ॲपमध्ये वेळ लावायचं घड्याळही आहे, वेळ संपली की ॲप आपोआप कुलूपबंद. म्हणजे 'बस झालं' हे तुला ओरडून सांगावं लागत नाही, शिव्या घड्याळाला. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली सांगितलेलं माप असं: दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा, पाच ते दहाच्या मुलांना दोन तासांच्या आत. तुझ्या घरी याच्या निम्म्यात भागेल.

बघायचं काय? तीन गोष्टी सांगते, त्यांच्या खोडींसकट.

सुपरबुक नावाची कार्टून मालिका आहे. १९८१ मध्ये जपानी स्टुडिओने ती अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती प्रसारण संस्थेसाठी पहिल्यांदा काढली आणि २०११ पासून संगणकावर केलेली नवी मालिका आली. दोन मुलं आणि एक रोबो बायबलच्या काळात जाऊन पडतात. हिंदीत आहे, मालिकेच्या ॲपवर फुकट बघता येते. चित्रं उत्तम, वेग मुलांना आवडेल असा. खोड अशी की काढणारे लोक इव्हँजेलिकल पंथाचे. त्यामुळे प्रार्थना करायची त्यांची पद्धत, त्यांची बोली आपल्या चर्चसारखी नाही, आणि पवित्र मरियेला आपण जो मान देतो तो त्यात शोधू नकोस. मुलाने विचारलं तर सरळ सांग, 'ते तसं म्हणतात, आपण असं म्हणतो.' आठ वर्षांच्या मुलाला एवढं कळतं.

दुसरा, येशूच्या जीवनावरचा १९७९ सालचा चित्रपट. लूकच्या शुभवर्तमानावर उभा आहे, जगातल्या दोन हजारांहून जास्त भाषांत त्याचे आवाज भरलेत आणि त्यात मराठीही आहे. जीझस फिल्म प्रोजेक्ट या नावाच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर तो फुकट मिळतो, उतरवूनही घेता येतो. इथेच तुझा रेंजचा प्रश्न सुटतो. बाजाराला मालवणला किंवा कुडाळला जाशील तेव्हा कोणाच्या तरी वायफायवर उतरवून घे. पेनड्राइव्हवर घातलास तर टीव्हीच्या मागच्या खाचेत लावून घरच्या पडद्यावर दिसेल. केबल गेली म्हणून टीव्ही गेला असं नाही. मात्र तो मुलांचा चित्रपट नव्हे. संथ आहे, आणि क्रुसावर देण्याचा भाग धाकटीला आत्ता नको. तुकडे करून दाखव: एका संध्याकाळी जक्कय झाडावर चढतो तेवढाच, दुसऱ्या दिवशी वादळ.

तिसरं बघायचं नाही, ऐकायचं. बायबलच्या मोफत ॲप्समध्ये मराठी नवा करार आवाजात आहे, बाय. पावसात वीज जाते, रेंज जाते, पण उतरवून ठेवलेला आवाज चालतो आणि डेटा व्हिडिओच्या मानाने चिमूटभर लागतो. काळोखात, कौलांवर पाऊस वाजत असताना वादळाची गोष्ट ऐकायला लाव.

नणंदेला सांग, ओटीटी सध्या राहू दे. दीड जीबीत ते परवडत नाही आणि त्यात ख्रिस्ती म्हणून मुलांसाठी जे काही सापडतं ते बहुतेक इंग्रजीत असतं.

बघताना करायचा एक खेळ सांगते. माझ्या मते सगळ्या पत्रात हाच सगळ्यात उपयोगाचा. कार्टून बघून झालं की बायबल उघडायचं आणि त्यांनी काय घुसडलंय ते पकडायचं. नाताळच्या कार्टूनमध्ये तीन राजे हमखास असतात. मत्तयात पूर्वेकडचे ज्ञानी लोक आहेत, भेटी तीन आहेत, पण माणसं किती ते कुठेही दिलेलं नाही, आणि ते राजे होते असंही नाही. दार लावणारा तिरसट खानावळवाला? लूकमध्ये तो माणूसच नाही, उतारशाळेत जागा नव्हती एवढंच आहे. मरियेचं गाढव? नाही. एदेनमधलं सफरचंद? नुसतं 'फळ'. योनाला गिळणारा देवमासा? 'मोठा मासा'. नोहाने सगळे प्राणी दोन दोनच घेतले? उत्पत्तीचा सातवा अध्याय वाच, शुद्ध प्राण्यांच्या सात सात जोड्या आहेत. तुझा थोरला तिसरीतला, मोठ्यांची चूक काढण्यात या वयाला जो आनंद असतो तो दुसऱ्या कशातच नसतो. पडद्यासमोर तोंड उघडं टाकून बसलेला मुलगा आता डोळे वटारून बसेल, आणि अजाणता बायबल चाळायला शिकेल. धाकटीला वाचता येत नसेल तर तिच्याकडे मासे मोजायचं काम दे.

आता जरा कडू. बायबलातलं आहे म्हणून सगळं मुलांना दाखवण्याजोगं आहे, असं धरून चालू नकोस. शमशोनाचं कार्टून लावून बघ, तू बंद केलेल्या चॅनेलपेक्षा मारामारी कमी निघणार नाही. हेरोदाने बाळं मारवली ते आहे, जलप्रलयात बुडणारे लोक आहेत. बहिणीला मारून बघणाऱ्या मुलाला दावीद आणि गल्याथ दाखवशील तर पुढचा गल्याथ कोण होणार ते तुला ठाऊकच आहे. ही गोष्ट सांगू नको असं म्हणत नाही, ती मुलांची लाडकी आहे. पण ओढ्यातून उचललेल्या पाच गुळगुळीत गोट्यांच्या जागी कापसाचे बोळे दे, आणि गल्याथ म्हणून भिंतीवर खडूने बाबाच्या दुप्पट उंच माणूस काढ. लेकीचं कपाळ वाचेल.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नकोस आणि जसंच्या तसं घेऊही नकोस. पन्नास मरियेचे नमस्कार पाच वर्षांच्या पोरीने गुडघ्यावर बसून ऐकायचे म्हणजे जांभया येणारच, त्यात पाप नाही. मुलांपुरता एकच दहाका, म्हणजे दहा नमस्कार ठेवा. आणि तेर्सातली रहस्यं म्हणजे एकेक गोष्टच आहे, ती गोष्ट आजीने आधी सांगायची. आनंदाच्या पाचव्या रहस्यापासून सुरुवात करा, म्हणजे बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या सणात हरवला ती. आईला वाटलं नातेवाईकांबरोबर असेल, दिवसभराची वाट चालून गेल्यावर कळलं की तो नाहीच, मग तीन दिवस शोधाशोध. आंगणेवाडीच्या जत्रेत ज्याचा हात एकदा सुटलाय त्या मुलाला ही गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही. आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट आणि लगेच तिच्याबरोबर दहा नमस्कार. मुलं अंथरुणात गेली की मोठ्यांनी उरलेला तेर्स पुरा करावा. सासूबाई मान्य करतील असं वाटतं, कारण गोष्ट सांगायचं काम त्यांच्याकडे येतंय.

दशावताराला ने. खुशाल ने. कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की रात्री थोडा वेळ बसा, मुलगा झोपला की उचलून घरी आणा. तो पूजा करायला जात नाहीये, नाटक बघायला जातोय. सिंधुदुर्गातल्या मुलाने दशावतार पाहिला नाही तर त्याने आपल्या मातीचं काहीतरी गमावलं, असं माझं मत आहे. तुझ्या फादरांचं वेगळं असेल तर त्यांच्याशी बोलून घे, मी कोणाचा अधिकार घेत नाही. पण बघ तरी. लिहिलेली संहिता नाही, पुरुषच राणी होतो, स्वतःचा रंग स्वतः लावतो, पायपेटी आणि मृदंगावर उभ्या उभ्या संवाद रचतो. एक बाकडं मांडलं की दरबार, तेच बाकडं पुढच्या प्रवेशात रथ. हे मुलाने पाहिलं की घरी आल्यावर तुझ्या पाटाचं जहाज त्याला खरं वाटायला लागेल. पुढच्या नाताळात वाडीतल्या मुलांना घेऊन गोठ्यापुढे त्याच ढंगात एखादा प्रवेश बसव. मेंढपाळांना मालवणीत बोलू दे. हेरोद म्हणून कोणाला घ्यायचं यावर भांडणं होतील, त्याला तयार राहा. वाईट माणसाचं काम सगळ्यांनाच हवं असतं.

आणि चांगलं म्हणजे फक्त ख्रिस्ती शिक्का असलेलं, या हट्टातून थोडी बाहेर ये. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याच कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांची भजनं मराठी चर्चमधून आजही गातात, आणि तरी सगळा महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. पिल्लांसाठी तडफडत घरट्याकडे उडणाऱ्या जखमी पक्षिणीवर त्यांची कविता आहे. ती वाचून मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं तर बहिणीवर हात उगारण्याआधी तो क्षणभर थांबेल. कासवांची पिल्लं समुद्राकडे पळतात त्याचा एखादा व्हिडिओही मंजूर यादीत घाल. वेंगुर्ल्याकडच्या वायंगणीत तर हंगामात प्रत्यक्ष बघायला मिळतात.

शेजारच्या काकूंकडे मुलगा पळतो त्याचा बाऊ करू नकोस. चोरून जातो, ते मात्र थांबव. काकूंशी बोल, आठवड्यातले दोन दिवस ठरवून दे, काय लावायचं तेही सांग. बाई शेजारीण आहे, समजून घेईल. आणि शनिवारी तिची मुलं तुझ्या पडवीत बोलाव. वादळातल्या जहाजाला धर्म लागत नाही. मुलं वाढली की खलाशी वाढतात, खेळ रंगतो. फक्त दुसऱ्याच्या मुलांना गोष्टीच्या शेवटी उपदेश पाजू नकोस, तेवढं पथ्य पाळ.

राहिली केबल. नारळी पौर्णिमेनंतर पैसा आला म्हणून लगेच घेऊ नका. बातम्या, हवामान, बाबाची क्रिकेट मॅच यासाठी टीव्ही हवाच असेल तर डीडी फ्री डिश बघ. प्रसारभारतीची सेवा आहे, २००४ पासून चालू. छत्री आणि पेटी एकदा घ्यायची, महिन्याचं भाडं नाही. मुसळधार पावसात चित्र तुटतं, पण ऑगस्टनंतर तो त्रास कमी होतो. त्यातही कार्टून येतात, हे आधीच सांगून ठेवते. रिमोट कुठे ठेवायचा ते तू आणि नवऱ्याने मिळून ठरवा, आणि तो समुद्रावर असेल तेव्हा मुलांनी 'बाबांनी हो म्हटलंय' असं सांगितलं तर फोन लावून खात्री करून घे.

तुझी मावशी